आवाजावरून

भांडेवाडीच्या अलीकडे,
जिथं ऑटोवाला नाक दाबून सुटे पैसे मोजतो,
तिथल्या टिनाच्या शेडमध्ये मी काटा लिहितो.
पोतं, वजन, भाव, सही नाहीतर अंगठा.
अठरा वर्षं.

बाहेर सगळे म्हणतात, प्लास्टिक.
जसं लांबून सगळ्यांना म्हणतात, वस्तीतले.
आत आल्यावर कळतं:
हे पाणी, हा फुगा, हे दूध, हे कडक,
आणि कशातच बसलं नाही ते रद्द.

पार्बता गजघाटे डोळ्यांनी निवडत नसे.
बाटली कानाशी न्यायची, एकदाच दाबायची.
कडकडली तर पाणी.
आतल्या आत पुटपुटली तर फुगा.
पहिल्याच वर्षी मला म्हणाली होती,
"हे पाह्य भाऊ, हे खोटं बोलते."
आणि बाजूला फेकली एक,
दिसायला अगदी पाण्याची सख्खी बहीण.

असली एक जरी घाण्यात गेली
तरी अख्खा घाणा पिवळा पडतो,
दाण्यांत काळे ठिपके उठतात,
आणि बुटीबोरीहून ट्रक परत येतो भाड्यासकट.
दोनदा आलाय.
दोन्हीदा ती सुट्टीवर होती.

तरी खोटी बाटली परवडली.
खरीचं काय करायचं,
जिच्या अंगाला लेबल चिकटलंय सुनेच्या माहेरासारखं, सुटतच नाही,
जिचं झाकण वेगळ्या जातीचं, गळ्यातलं कडं तिसऱ्याच,
आणि पोटात कुणीतरी दिवसभर थुंकलेला खर्रा?
एप्रिलात टँकर तिसऱ्या दिवशी येतो.
ज्यांच्यातून पाणी विकलं
त्यांना धुवायला पाणी नाही.

सोमवारच्या पोत्यांत सावजीचे काळे डबे.
रविवारी रात्री शहर जेवलेलं असतं.
तर्री त्या डब्यांत अशी मुरते
की राखेनं घासा, सोड्यानं घासा, लाल ते लालच.
कॉलेजातलं एक पोरगं सर्व्हेला आलं होतं,
डबा उलटा करून दाखवलं त्यानं,
तीन बाणांचा त्रिकोण, मधे पाच:
"काका, हा तर पुन्हा वापरता येतो!"
पार्बतानं त्रिकोणावरून अंगठा फिरवला.
"बाण तं फिरते बाप्पा. घेते कोन?"

मग कुठल्यातरी समुद्रात तेल उतरलं,
नवा दाणा स्वस्त झाला,
आणि आमचं पाणी तेविसावरून चौदावर.
मी रजिस्टरात भाव खोडला, नवा लिहिला.
पोतं तेवढंच, पाठ तीच.

मागच्या दिवाळीला शेठनं ग्राइंडर शेडमध्येच आणून बसवला.
होळीपर्यंत मला समजलं नाही.
अंगठ्यासाठी तिला हाक मारली,
तीनदा मारली,
चौथ्यांदा उठून खांद्याला हात लावला.
तेव्हापासून पाहतो,
ती बाटली कानाशी नेत नाही,
दातांत धरते आणि दाबते.
"हाडातून येते न भाऊ आवाज."

शेठ म्हणतो, मशीन घेऊ, उजेड टाकून ओळखणारी.
फक्त काळा डबा तिलाही दिसत नाही म्हणे.
हे मी पार्बताला दोनदा ओरडून सांगितलं.
दुसऱ्यांदा ती इतकी हसली
की ग्राइंडरवरचा पोरगा वळून पाहू लागला.

तिची स्वतःची प्यायची बाटली निळी आहे, शाळेची.
मार्करनं लिहिलेलं: ओजस, चौथी ब.
पोत्यात सापडली त्याला सहा वर्षं झाली,
ओजस आता दहावीत असेल.
ही कोणत्या जातीची, मी विचारलं एकदा, खुणेनं.
तिनं ती कानाशी नेली नाही, दाताला लावली नाही.
दोन घोट प्यायली, झाकण घट्ट केलं,
सावलीत ठेवली,
आणि ढिगातली पुढची उचलली.

मी लिहिलं:
पाणी. साडेअकरा किलो.